मायनरचं पाणी

देवाजी बारापात्रेनं खणलेल्या तीन विहिरी लागोपाठ कोरड्या गेल्या आणि खैरी गावानं त्याचं आडनावच बदलून टाकलं. देवाजी कोरडे. हे आधी कोण बोललं ते कुणी कबूल करत नव्हतं. पण अशी नावं एकदा चिकटली की आधार कार्डापेक्षा पक्की होतात. हिंगण्याच्या बाजारात वांगी विकणाऱ्या बाईनंसुद्धा एकदा त्याला विचारलं, "कोरडेभाऊ, किती देऊ?" देवाजीनं मुकाट्यानं अर्धा किलो घेतली.

त्यामुळे चौथी विहीर ही नुसती विहीर राहिली नव्हती. गावातले मोठे बागायतदार भैयाजी यांच्या संत्र्याच्या बागेत ती खणायची होती. ती कोरडी गेली असती तर देवाजीला पुन्हा कुणी विहिरीवर बोलावणार नव्हतं, हे त्याला कळत होतं, त्याच्या बायकोला, इंदूबाईला कळत होतं आणि भैयाजींना तर फारच कळत होतं. मुहूर्ताच्या दिवशी त्यांनी नारळ देवाजीच्या हातात दिलाच नाही. यारी चालवणाऱ्या चंदनला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "तू फोड गा चंदन. तुहा हात नवा हाय." यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणारं यंत्र. ते चालवणाऱ्यानं नारळ फोडायचा आणि खाली उतरून खणणाऱ्यानं बघत उभं राहायचं, असं या भागात कधी झालं नव्हतं. चंदननं मान खाली घालून नारळ फोडला. देवाजीनं खोबऱ्याचा तुकडा घेतला, खिशात टाकला आणि कुदळ उचलून पहिला घाव घातला.

मुळात देवाजी विणकराचा मुलगा. बाप उमरेडचा कोष्टी, हातमागावर लुगडी विणणारा. माग बसला तेव्हा देवाजी कामठीकडं कालव्याच्या खोदकामावर गेला, चार वर्षं तिथं माती उपसली आणि पुढं विहिरींत उतरला. गावातली म्हातारी मंडळी अजून म्हणत, कोष्ट्यानं मागावरचा धोटा फेकावा, दगड फोडायची सब्बल त्याच्या हातात शोभत नाही. तीन विहिरी कोरड्या गेल्यावर तर त्यांना आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखंच वाटलं.

ऋतुजा ही त्याची एकुलती एक मुलगी. रोज सकाळी साडेसहाची बस धरून नागपूरला जायची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मुख्य विषय गणित. नव्या नियमात त्याच्या जोडीला एक मायनर विषय घ्यावा लागतो. तिला संगणक हवा होता, पण तिथल्या जागा भरल्या आणि उरलंसुरलं भूगर्भशास्त्र तिच्या पदरात पडलं. वर्गातल्या मुली तिला 'दगडवाली' म्हणायच्या. तिला ते लागायचं. इतकं की दगडांची पिशवी ती बसमध्ये सीटखाली सरकवून बसायची.

घरी तिनं सांगितलं होतं, "बाबा, मले मायनरले जिओलॉजी भेटली." देवाजीनं त्यातला एकच शब्द ऐकला. कालव्यावरच्या माणसाला मायनर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मोठ्या कालव्यातून फुटून वावरापर्यंत जातो तो मायनर.

"मायनर? म्हंजे पाण्याचंच खातं," तो खूश होऊन म्हणाला. "बेस झालं."

आणि मग पानठेल्यापासून बस स्टॉपपर्यंत त्यानं ज्याला त्याला सांगितलं की माही पोरगी नागपूरले मायनर शिकून राहिली. ऋतुजानं दोनदा दुरुस्त करून पाहिलं. बाबा, मायनर म्हंजे दुय्यम विषय. तो म्हणायचा, "हो ना, मोठ्या कालव्याच्या खालचा." तिसऱ्यांदा तिनं नाद सोडला.

वैशाखातल्या एका सोमवारी दुपारी विहीर अडतीस फुटांवर गेली. काळा पाषाण संपला आणि यारीची बादली लालभडक माती घेऊन वर आली. चंदननं इंजिन बंद केलं. वर चंदन, खाली देवाजी. दोघांनाही कळलं होतं. गेरू लागला होता.

गेरू लागला की विहीर संपली, हे इथला प्रत्येक खणणारा धरून चालतो. ती माती हवा लागली की फुगते, सुटते, वरचा दगड खाली घेते, आणि पाणी तर देतच नाही. मग खणणाऱ्यानं गेरूचं घमेलं मालकापुढं ठेवायचं, मालकानं तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घालायचं. हात धुतले की काम संपलं. त्यानंतर त्या विहिरीत तो माणूस पुन्हा सब्बल घालत नाही. देवाजीनं तीनदा असे हात धुतले होते. त्या दिवशी भैयाजी नागपूरला गेले होते म्हणून चौथी वेळ उद्यावर गेली, एवढंच.

संध्याकाळी ऋतुजा घरी आली तेव्हा तो अंगणात बसला होता. पाय घोट्यापर्यंत लाल, आलता लावल्यासारखे. इंदूबाईनं पाण्याची बादली आणून ठेवली होती, पण त्यानं तिला हात लावला नव्हता.

"गेरू लागला?" ऋतुजानं विचारलं.

"लागला. उद्या हात धुवाचे."

"पण गेरूच्या खाली काय हाय?"

"खाली काय राहते? काईच नाई." देवाजी वैतागला. "गेरू म्हंजे जमिनीचा पदर वं. पदर विणला का लुगडं संपलं. तुह्या आजानं जन्मभर लुगडी विणली. पदराच्या पुढं विणलेलं लुगडं मी तरी पाह्यलं नाई."

ऋतुजा पिशवी खाली ठेवून त्याच्याजवळ बसली. "आबा मागावरच्या एका ताण्यावर किती लुगडी विणत होते?"

"चार. कधी पाच."

"मंग पयल्याचा पदर झाला का काय करत?"

"काय करत म्हंजे? तिथंच पुढं दुसरं सुरू..." देवाजी बोलता बोलता थांबला.

"तेच म्हणून राहिली मी. आपल्या खालचा काळा दगड एका खेपेत नाई आला बाबा. आधी एक लाव्हा आला, थिजला. त्याच्यावर माती झाली, लय वर्सं उघडी पडून राह्यली. मंग वरून दुसरा लाव्हा आला न् त्या मातीले विटेवानी भाजून गेला. ते भाजलेलं म्हंजे गेरू. त्याच्या खाली जुन्या लाव्ह्याचं डोकं हाय. ते सारं भोकाभोकाचं राहते, अनरशावानी. पाणी त्या भोकायत बसते. गेरू त्याचं झाकण हाय. आपण झाकण पाहून परत फिरतो."

"तू पाह्यलं?"

"आमच्या सरांनी दाखोलं, रस्त्याच्या कापात."

"रस्त्याचं सांगू नको. इथलं कोणी पाह्यलं?"

तेव्हा चुलीपाशी भाकरी थापणारी इंदूबाई मान न वळवता म्हणाली, "मी पाह्यलं."

दोघंही तिच्याकडं बघू लागले.

"नाल्यावर धुण्याच्या गोट्यामागं लाल पट्टा नाई का? त्याले कपडा लागला का डाग जात नाई. त्या पट्ट्याच्या खाली झिरा हाय. भर उन्हाळ्यात बोटभर धार चालू राहते. वीस वर्सं झाली मी तिथं धुणं धुऊन राहिली. मले कोणी इचारलं का?"

देवाजीनं बादली पुढं ओढली आणि पाय धुतले. हात मात्र त्यानं धुतले नाहीत. जेवायच्या वेळी इंदूबाईनं त्याला चमचा दिला.

मंगळवारी सकाळी भैयाजी तांब्या घेऊन बागेत आले. मागं गावातली दहाबारा माणसं होतीच. कुणाचा पडका दिवस असला की प्रेक्षक कमी पडत नाहीत. गेरूचं घमेलं मध्ये ठेवलेलं होतं.

"ये गा देवाजी," भैयाजी म्हणाले. "हात कर समोर. शुक्रवारी बांधाच्या कामाले जेसीबी येऊन राहिली, तिच्याच हातानं बुजवून टाकतो. बगिच्यात खड्डा काहून ठेवाचा?"

देवाजीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. "हात नाई धूत मी भैयाजी. काम संपलं नाई अजून."

"गेरू लागला ना?"

"गेरूच्या खाली जातो. शुक्रवारपर्यंत द्या मले."

कुणीतरी हसलं. भैयाजींनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "गेरूच्या खाली? हे कोण शिकवलं तुले?"

"पोरीनं. मायनर शिकते ते."

आता सगळेच हसले. ऋतुजा बापामागं उभी होती. त्या क्षणी तिला तो शब्द, तो विषय, ती दगडांची पिशवी, सगळंच नकोसं झालं. पण बापाचे पाठीमागं बांधलेले हात तिला दिसत होते आणि त्यांची लाल नखंही. ती पुढं आली. "भैयाजी, नाल्यातला लाल पट्टा न् हा गेरू एकच हाय. मी लेव्हल काढून दाखोतो."

"काढ बाप्पा," भैयाजी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत तुमचं. पण ह्या चार दिवसाची मजुरी मी देणार नाई, न् विहिरीत कोणाचं डोकं फुटलं तर माह्या दारात याचं नाई."

वसंत मिस्त्रीकडून ऋतुजानं त्याची लेव्हलची नळी मागून आणली. मिस्त्री लोक भिंतींना वापरतात ती, पारदर्शक, चाळीस फुटी, पाण्यानं भरलेली. दोन टोकांतलं पाणी एकाच उंचीला उभं राहतं, बाकी काही जादू नाही. विहिरीच्या काठावर देवाजीनं एक टोक धरायचं, ऋतुजानं दुसरं घेऊन उतारावर जायचं, काठीवर खूण करायची, फरक वहीत लिहायचा. मग देवाजीनं तिच्या जागी यायचं आणि तिनं पुढं जायचं. असे सोळा टप्पे, नाल्यापर्यंत. डोक्यावर ऊन असं की काठी धरलेला हात भाजत होता. इंदूबाई मधूनमधून पाणी आणून देत होती. बागेच्या कुंपणावर बसून पोरं ओरडत होती, "कोरडेकाका, नळीतलं तरी पाणी सांभाळा!"

दुपारी दोनला नाल्यात बसून ऋतुजानं बेरीज केली. मग पुन्हा केली. गेरू विहिरीत अडतीस फुटांवर होता. नाल्यातला पट्टा काठापासून एकतीस फूट खाली भरत होता. सात फुटांचा फरक. हे दोन गेरू एक नव्हते.

परतताना भैयाजी बागेच्या फाटकात उभे होते. "काय निघालं मॅडम?"

खोटं सांगायला काही लागलं नसतं. वही तिच्याच हातात होती. "एकतीस," ती म्हणाली.

भैयाजींनी नुसती मान हलवली, त्यानंच जास्त लागलं. घरी आल्यावर देवाजी भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. ऋतुजाला रडू आलं आणि ती रडली. गणितात कधी न चुकलेली मुलगी सगळ्या गावासमोर साध्या वजाबाकीत पडली होती, आणि पडताना बापाला घेऊन पडली होती. डोळे पुसून तिनं नळी गुंडाळायला घेतली. ओसरीच्या सावलीत ती तिला नीट दिसली. नळी हाताला अजून गरम लागत होती आणि तिच्या पोटात जागोजाग, ज्वारीच्या दाण्याएवढे, हवेचे बुडबुडे चिकटून बसले होते.

"बाबा, उठा!" ती ओरडली. "गेरू बराबर हाय. नळी तापली होती. हवा शिरली तिच्यात, दर टप्प्याले पाणी थोडं थोडं चुकलं."

बुधवारी पहाटे, ऊन वर यायच्या आत, त्यांनी नळीत ताजं पाणी भरलं, टिचक्या मारून एकेक बुडबुडा बाहेर काढला आणि सोळाच्या सोळा टप्पे पुन्हा मोजले. या वेळी बघायला कुणी नव्हतं. नाल्यात पोचल्यावर तिनं बेरीज बापालाच करायला लावली. तो बोटांवर मोजत ओठ हलवत राहिला.

"साडेसदतीस," तो म्हणाला.

"अर्ध्या फुटाचा उतार हाय फक्त," ऋतुजा म्हणाली. तिनं पट्ट्याची जाडी मोजली. पाच फूट चार बोटं. खाली झिरा होता. इंदूबाईनं सांगितला तसाच, बोटभर. देवाजीनं त्याच्यात बोट बुडवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

आता पाच फूट गेरू खणायचा होता, आणि तो कसा खणायचा हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. ते देवाजीला ठाऊक होतं. सगळा तळ उघडा केला तर गेरू फुगून बाजू आत आल्या असत्या. म्हणून त्यानं मधोमध चारच फुटांचा चौकोन आखला. बाजूंना टेकू द्यायला फळ्या हव्या होत्या. माळ्यावर बापाचा मोडका माग पडून होता. त्यानं तो खाली काढला तेव्हा इंदूबाईला भरून आलं. सासऱ्यानं मरताना तो विकू नका म्हणून सांगितलं होतं.

"विकून नाई राहिलो," देवाजी म्हणाला. "कामाले लावून राहिलो."

मजुरी मिळणार नव्हती तरी चंदन यारीवर आला. मुहूर्ताचा तो नारळ त्याच्याही घशात अडकलेला असावा. बुधवार, गुरुवार दोघं राबले. गेरू कुदळीला चिकटायचा, बादलीतून सुटायचा नाही, हाताची आग करायचा. देवाजीच्या तळहाताची साल निघाली. त्यानं त्यावर फडकं बांधलं. तेही लाल झालं आणि त्यात रक्त किती, गेरू किती, ते कळेना.

शुक्रवारी दहाला जेसीबी आली. तिच्यामागं गाव आलं. देवाजी गेरूत साडेपाच फूट खाली गेला होता आणि तळ कोरडा ठणठणीत होता.

"चंदन, घे गा त्याले वर," भैयाजी म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, थोडी कीवच होती. "झालं आता."

पाच फूट चार बोटं मोजली होती, आणि चार बोटं केव्हाच ओलांडली होती. ऋतुजानं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि शिडीवर पाय टाकला. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस विहिरीत उतरत नाही. "मंग डोळे मिटा," इंदूबाई म्हणाली.

खाली गारवा होता. बाप फळीला टेकून बसला होता. घामानं आणि मातीनं त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"ऋतू, मी आणखी खणतो," तो हळू म्हणाला. "पण मले सांग, खरंच हाय ना?"

तिनं गुडघ्यावर बसून तळावरची माती हातानं बाजूला केली. खाली कडक लागलं. बापाच्या पिण्याच्या ओंजळभर पाण्यानं तिनं तेवढी जागा धुतली. लाल रंग निघून गेला. खाली जांभळट दगड होता आणि त्यात तुरीच्या डाळीएवढे पांढरे-हिरवे ठिपके. लाव्ह्याच्या डोक्यावरचे हेच ठिपके प्रयोगशाळेतल्या नमुन्यात तिनं वर्षभर पाहिले होते, वहीत काढले होते, त्यांच्याच नावानं चिडवूनही घेतलं होतं.

"बाबा, हा गेरू नाई," ती म्हणाली. "दुसरं लुगडं लागलं. मारा!"

देवाजी उठला. सब्बल दोन्ही हातांनी वर घेतली आणि घातली. ठण्ण झालं नाही. धप्प झालं, पोकळ. दुसऱ्यांदा घातली, तिसऱ्यांदा घातली. चौथ्यांदा सब्बल वीतभर आत गेली आणि अडकली. बाप-लेकीनं मिळून ती हलवली, उपसली, आणि सब्बलीच्या मागोमाग पाणी वर आलं.

ते नुसतं पाझरलं नाही. मनगटाएवढ्या भोकातून बुडबुड आवाज करत वर आलं, त्यांच्या पावलांवरून पसरलं, घोट्यांना लागलं. इतकं थंड की ऋतुजा किंचाळली.

"पाणी लागलं?" वरून चंदन ओरडला.

देवाजीनं ओंजळ भरून पाणी पोरीच्या अंगावर उडवलं, मग आणखी एक, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस त्या चार फुटांच्या खड्ड्यात अक्षरशः नाचायला लागला. वर सगळ्यांना नुसतं छपछप ऐकू येत होतं. तेवढंच पुरे होतं.

दोघं वर आले तोवर मागाच्या फळ्या पाण्यात गेल्या होत्या. दुपारपर्यंत पाणी वरच्या काळ्या पाषाणाला लागलं, आणि जेसीबीचा ड्रायव्हर बांधाचं काम सोडून काठावर बसून राहिला. गढूळ लाल पाणी हळूहळू निवळत होतं.

भैयाजींनी नारळ मागवला. सगळ्यांदेखत तो देवाजीच्या हातात दिला आणि म्हणाले, "त्या दिवशी माहं चुकलं." मोठा माणूस एवढं बोलला, हे गावानं नीट ऐकून ठेवलं. देवाजीनं नारळ फोडला तेव्हा पाणी दूरवर उडालं.

मग भैयाजींनी बादलीतून विहिरीचं पाणी तांब्यात घेतलं. "आता तरी हात धू गा देवाजी."

देवाजीनं फडकं बांधलेले हात मागं घेतले. "आधी तिच्या हातावर घाला. मंग तिच्या मायच्या. माहा नंबर तिसरा."

ऋतुजानं हात पुढं केले. भैयाजींनी वाकून पाणी घातलं. नखांतला गेरू निघाला नाही, आणि तो निघू नये असंच तिला वाटत होतं. इंदूबाईनं हात धुतले आणि ओले हात नवऱ्याच्या चेहऱ्यावरून फिरवले, गावासमोर, वीस वर्षांत पहिल्यांदा.

जेसीबीचा ड्रायव्हर कामठीकडचा होता. त्यानं विचारलं, "ही पोरगी शिकते तरी काय?"

"मायनर," भैयाजीच म्हणाले.

"मायनरच?" तो म्हणाला. "मेजर नाही भेटलं का?"

ऋतुजानं तोंड उघडलं होतं, पण देवाजी आधी बोलला. "तू कामठीचा हायेस ना गा? मंग तुले ठाऊक पाह्यजे. मोठा कालवा पाह्याले लय चांगला दिसते. पण कोणाच्या वावरात पाणी आणते काय तो? वावरात पाणी येते ते मायनरनं."

सगळे ऋतुजाकडं बघू लागले. दोनदा तिनं हे दुरुस्त केलं होतं. या वेळी तिनं ओले हात ओढणीला पुसले.

"हो," ती म्हणाली. "मायनरनंच येते."